उन्हाळ्यात फुल बाह्या

छोटीचा फोन आला तेव्हा दादा ट्रेमधले पाव उपडे करत होते. हात पिठाने भरलेले, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाशी धरला, आणि त्यामुळे बापलेकीचं बोलणं मला अख्खं ऐकू आलं.

"बाबा, नीट ऐक. इथला उन्हाळा म्हणजे चेष्टा नाही. कपडे सुती आण, सैल आण. फिके रंग. तुझं ते तपकिरी नको. आणि अर्ध्या बाह्या! गळ्यापर्यंत बटणं लावून आलास ना, तर स्टँडवरूनच परत पाठवीन."

"मला ऊन शिकवतेस होय?" दादा म्हणाले. "अगं, भट्टीसमोर जन्म काढलाय मी."

"भट्टी वेगळी, हे शहर वेगळं. टोपी आण. पायात बंद बूट नकोत. आईला दे फोन."

"आई ड्यूटीवर आहे. इथे फक्त पीठ मळणारा आहे. त्याला देऊ?"

तिकडून ती हसली. मीही हसलो. दादा तेवढे हसले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी उजव्या मनगटाचं बटण चाचपलं, मग डाव्या, आणि परत उजव्या. पुढची भट्टी लावताना दोन ट्रे उलटे सरकवले. इतक्या वर्षांत असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

दादा म्हणजे आमच्या बेकरीचे भट्टीवाले. रात्री भट्टी पेटवायची, पहाटे पाव बाहेर, सकाळी घरी जाऊन झोप, असा त्यांचा दिनक्रम. मी पीठ मळायच्या यंत्रावर, त्यामुळे आमच्यात चार पावलांचं अंतर. त्या चार पावलांवरही मे महिन्यात अंगातून धारा लागायच्या. आम्ही बाकीचे बनियनवर. दादा मात्र फुल बाह्यांच्या शर्टात, कफ बंद, कॉलर बंद. नवीन माणूस हमखास विचारायचा. दादा सांगायचे, "चटके बसतात रे." भट्टीवाल्याला चटके बसणारच, त्यामुळे कुणी पुढे विचारत नसे.

खरं कारण त्यांच्या डाव्या हातावर होतं. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, चार अक्षरं गोंदलेली. एका बाईचं नाव, आणि ते वहिनींचं नव्हतं.

हे मला फार उशिरा कळलं. दादांचं आधी एक लग्न झालं होतं. आठ महिन्यांचं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बाजारात एक गोंदणारा बसलेला दिसला आणि दादा, वय बावीस, डोक्यात वारं, हात पुढे करून बसले. घरी येऊन मोठ्या ऐटीत दाखवलं. ती बघून म्हणाली, "मला विचारलं का नाहीस? माझं नाव आहे ते." आठ महिन्यांनी ती गेली. मोठ्या शहरात गेली, तिथे काम करते, एवढं कानावर आलं. भांडण नाही, तंटा नाही, रीतसर कागद झाले. नाव तेवढं राहिलं.

मग तीन-चार वर्षांनी वहिनी आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स. बोलायला रोखठोक. दादांनी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, लपवाछपवी केली नव्हती. पण सांगणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. लग्न झाल्यावर त्याच आठवड्यात कधीतरी दादा नळाखाली हात धूत होते आणि वहिनी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते मला दिसायला नको."

दादांनी दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे जाऊन फुल बाह्यांचे तीन शर्ट टाकले. तेव्हापासून अर्धी बाही त्यांच्या अंगाला लागली नाही. झोपतानासुद्धा लांब बाह्यांची बंडी. हा विषय घरात पुन्हा कधी निघाला नाही. छोटी झाली, मोठी झाली, शिकून त्याच मोठ्या शहरात गेली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली. तिलाही वाटायचं, बाबांना चटक्यांची लाज वाटते.

आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. दादा सगळ्यांना सांगायचे, "जावई खाली-वर बघून घेतलाय." लग्न सोमवारी, नोंदणी कार्यालयात, सह्या करून. छोटीला नव्या खोलीत सामान लावायला हात हवा होता म्हणून दादा गुरुवारीच जाणार होते, वहिनींना रविवारशिवाय रजा नव्हती.

जायच्या आधीचा आठवडा दादांनी नुसता येरझाऱ्यांत घालवला. बॅग भरली, रिकामी केली, परत भरली. छोटीने पार्सलने एक शर्ट पाठवला होता, फिका निळा, पातळ, अर्ध्या बाह्यांचा. वहिनींनी तो घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. दादांनी तो काढून सगळ्यात खाली घातला. दुसऱ्या दिवशी बघतात तर परत वर. परत खाली. दोघंही त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत.

दादांना वाटलं, ही माझी परीक्षा बघतेय. बेकरीत येऊन ते मला म्हणाले, "माणूस गावाला निघाला की बायका बॅगेत काय काय घालतात बघ." मी म्हटलं, "काय घातलं?" तर म्हणाले, "काही नाही, पीठ बघ, सैल झालंय." पीठ चांगलं होतं.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. थोडं दादांनी सांगितलं, थोडं वहिनींनी, आणि जिथे दोघांचं जमत नव्हतं तिथे छोटीला विचारलं.

गुरुवारी दुपारी दादा शहरात उतरले ते तपकिरी जाड शर्ट, गळ्यापर्यंत बटणं आणि बंद बुटांत. टोपी होती, पण ती बॅगेत. बसच्या दारातून पाय खाली ठेवला आणि त्यांना कळलं की आपला अंदाज चुकलाय. भट्टीची धग कोरडी, समोरून येणारी. तोंड फिरवलं की संपली. इथली चहूकडून येत होती. रस्त्यातून वर, काचेच्या इमारतींवरून उलटून खाली, गाड्यांच्या खालून आडवी. आणि हवा अशी ओलसर की घाम सुकायचं नाव घेत नव्हता, शर्ट पाठीला चिकटला तो चिकटलाच.

छोटी पांढरी हॅट घालून उभी होती. तिने बापाला वरून खाली पाहिलं.

"परत पाठवू?"

"पाणी दे आधी."

सगळं शहर उघड्या हातांनी फिरत होतं. बिनबाह्यांचे झगे, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, पिसासारखे शर्ट. साठीच्या पुढचे म्हातारेसुद्धा अर्ध्या बाह्यांत, कागदाने वारा घेत बसलेले. दादांकडे लोक वळून बघायचे. एका फळवाल्याने तर विचारलं, "काका, ताप आहे का?"

पण दादांचा जीव थाऱ्यावर नव्हता तो नुसत्या उकाड्यानेही नाही. ह्याच शहरात ती होती. पन्नाशीची कुठलीही बाई समोरून आली की दादांची नजर चेहऱ्यावर जायची आणि लगेच जमिनीवर. दुकानाच्या दारात, जिन्यात, सिग्नलला. भेटायची इच्छा होती असं नाही. उलट भेटली तर काय बोलायचं ह्याच धास्तीने ते रस्त्याची बाजू बदलायचे. छोटीला कळेना, बाबा सरळ का चालत नाही.

त्या दिवशी खोलीत त्यांनी कपाट तीनदा हलवलं. आधी खिडकीपाशी, मग दारापाशी, मग परत खिडकीपाशी.

"बाबा, बस ना जरा," छोटी म्हणाली. "आणि तो शर्ट काढ. आपण दोघंच आहोत."

"राहू दे. सवय आहे."

शुक्रवारी दोघं नोंदणी कार्यालयात गेली, सोमवारची वेळ पक्की करायला. रांग दाराबाहेर, फुटपाथवर आलेली. सावली भिंतीलगत वीतभर. सगळे भिंतीला चिकटून उभे होते, दादा मात्र मोकळ्यावर, कारण त्यांना एका जागी उभंच राहवत नव्हतं. पुढे जाऊन रांग मोजून यायचे, मागे यायचे. छोटीने दोनदा हात धरून सावलीत ओढलं. तिसऱ्यांदा ती ओढायला वळली, तर दादा खाली बसलेले. आणि मग बसल्याजागी आडवे.

रांगेतल्या छत्रीवाल्या एका बाईने आवाज उठवला. कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. त्या बाईने भराभर कॉलर सोडली, कफ उघडले, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि मनगटांवर पाणी ओतायला सुरुवात केली. छोटी बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटत होतं, आता चटक्यांचे डाग दिसणार. डाग नव्हते. गोरा, ऊन न पाहिलेला हात होता, आणि त्यावर निळसर चार अक्षरं.

तिने ती वाचली. मग आपला ओला रुमाल त्यांवर टाकला.

दादांनी डोळे उघडले तेव्हा पहिली गोष्ट काय केली असेल, तर बाही खाली ओढली.

खोलीवर आल्यावर, मीठ-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर, छोटीने पंखा पूर्ण वेगात लावला आणि समोर मोडा घेऊन बसली.

"कोण ही?"

दादांनी सांगितलं. सगळं, अगदी नळाखालचं वाक्यसुद्धा. छोटी ऐकत होती तोपर्यंत ठीक होती. आधीच्या लग्नाचं तिला फारसं काही वाटलं नाही. शेवटाला आल्यावर मात्र ती उठून उभी राहिली.

"म्हणजे आई एकदा म्हणाली, आणि तू इतकी वर्षं भट्टीसमोर असा गुंडाळून उभा आहेस? तिने नंतर कधी विचारलं नाही? तू कधी विचारलं नाहीस?"

"ह्यात विचारायचं काय?"

"आज मेला असतास रस्त्यावर!"

आणि दादा "अगं, नको" म्हणेपर्यंत तिने आईला फोन लावला होता. काय काय बोलली ते दादांना नीट ऐकू आलं नाही, कारण ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, परत आत आले, परत गॅलरीत गेले. फोन संपल्यावर छोटी म्हणाली, "काही बोललीच नाही. शेवटी एवढंच म्हणाली, उद्या सकाळच्या बसने येते."

"रजा तर रविवारपासून होती."

"बदलून घेतली म्हणे."

दादांना वाटलं, संपलं. आता लेकीच्या लग्नाच्या तोंडावर तमाशा. सकाळी बसच्या कितीतरी आधी ते स्टँडवर हजर होते. तोच तपकिरी शर्ट, धुऊन वाळवलेला. प्रत्येक बस आली की उठायचे, बसायचे. एका चहावाल्याने कंटाळून सांगितलं, "काका, तुमची आली की मी हाक मारीन."

वहिनी उतरल्या. हातात एकच पिशवी. नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग बाकावर बसल्या.

"अजून तोच शर्ट?"

"धुतलाय."

"छोटी म्हणते, माझ्यामुळे."

"तसं नाही..."

"मग कसं?"

दादांनी कफचं बटण चाचपलं. "तू म्हणाली होतीस, दिसायला नको."

"म्हणाले होते. आठवतंय मला. नवी होते, राग आला होता. वर्षभरात गेला तो राग." वहिनींचा आवाज चढला. "मी वाट बघत होते, आज ना उद्या बाह्या वर कराल. छोटी झाली तेव्हा वाटलं, आता तरी. तुम्ही आपले बटणं लावूनच. मग मला वाटायला लागलं, हे जपून ठेवलंय. माझी नजरसुद्धा पडू नये म्हणून झाकलंय. झोपेतसुद्धा!"

"अगं, तू सांगितलंस म्हणून झाकलं!"

"मी सांगितलेलं दुसरं काय ऐकलंत आजवर? शेगडी खिडकीखालून हलवा म्हणून किती वर्षं सांगतेय?"

चहावाला कपबश्या विसळायचा थांबला होता.

"बॅगेत तो शर्ट वर ठेवत होते, तो कशाला वाटला तुम्हाला?"

"मला वाटलं, परीक्षा बघतेस."

"परीक्षा!" वहिनींनी कपाळावर हात मारला. "आणि तुम्ही तो खाली घातलात की मला वाटायचं, बघा, अजून सुटत नाही."

मग त्यांनी दवाखान्यात पेशंटचा हात घेतात तसा दादांचा डावा हात ओढून घेतला, बटण काढलं आणि बाही वर केली. हात उजेडाकडे वळवला. दादांनी मान फिरवली. वहिनींनी सावकाश वाचलं.

"ह्यात वेलांटी चुकलीय," त्या म्हणाल्या. "ऱ्हस्व काढलीय. दीर्घ पाहिजे."

"तीही तेच म्हणाली होती," दादांच्या तोंडून निघून गेलं.

वहिनी आधी हसल्या. मग हसता हसता रडायला लागल्या, आणि मग रागावल्या, ते दिवसभर. खोलीवर येऊन कामं सगळी केली, जेवायला वाढलं, पण नवऱ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. छोटीने विचारलं, "अगं आता कशावर रागावलीस?" त्या म्हणाल्या, "ते कळलं असतं तर गेला नसता का राग?" दादा खोलीभर फिरत होते. खोली ती केवढी, तीन पावलांत भिंत.

सोमवारी दादांनी फिका निळा शर्ट घातला. आरशासमोर उभे राहिले तर आपलेच हात त्यांना परके वाटले. पांढरेफटक, कोपरापासून खाली कुणा दुसऱ्याचे लावल्यासारखे. कार्यालयात जाईपर्यंत डावा हात त्यांनी पोटाशी धरून ठेवला होता. पण तिथे जावयाने पुढे येऊन हात मिळवला, दोन्ही हातांनी, आणि मग लपवणार काय.

जावयाची आई बोलकी. पाच मिनिटांत तिने छत, पंखे, साहेबांची खुर्ची आणि उकाडा ह्या सगळ्यांवर मत दिलं होतं. तिची नजर दादांच्या हातावर गेली.

"अगं बाई, बायकोचं नाव गोंदवून घेतलंय! आमच्या ह्यांना दाखवा जरा. ह्यांना माझा वाढदिवस आठवत नाही." मग वहिनींकडे वळून तिने त्या चार अक्षरांनीच हाक मारली आणि म्हणाली, "नाव छान आहे हो तुमचं."

छोटीने आईकडे पाहिलं. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वहिनींनी एकदा त्या हाताकडे पाहिलं.

"सगळे तसंच म्हणतात," त्या म्हणाल्या.

त्यानंतर विहीणबाईंनी दर दोन मिनिटांनी त्या नावाने हाक मारली आणि दर वेळी वहिनींनी ओ दिली. पंख्याखाली बसा, ओ. फोटोला या, ओ. पाणी घ्या, ओ. अडचण आली ती सहीच्या वेळी. साक्षीदार म्हणून वहिनींनी सही केली, स्वच्छ, वाचता येईल अशी. विहीणबाई खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"हे कुणाचं नाव?"

"माझंच," वहिनी म्हणाल्या. "कागदावरचं वेगळं, हातावरचं वेगळं."

विहीणबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी आपल्या नवऱ्याला कोपर मारलं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. दुपारचं ऊन खिडकीतून दादांच्या उघड्या हातावर पडत होतं, आणि हात सवय नसल्यामुळे लाल व्हायला लागला होता. वहिनींनी पिशवीतून मलम काढून चोळलं. नावावरूनही चोळलं.

"का गेली हो ती?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दादांनी सांगितलं. तेव्हाही रात्रपाळीच होती. हे दिवसभर झोपायचे आणि ती दिवसभर त्या एका खोलीत आवाज न करता वावरायची. भांडं वाजायला नको, नळ जोरात सोडायला नको, चप्पल काढून, टाचा उचलून चालायचं. शेवटी एक दिवस ती म्हणाली, मला घरात पाय आपटून चालायचंय. दादांना तेव्हा ते कारणच वाटलं नाही. पाय आपटण्यासाठी कुणी घर सोडतं का?

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

"मीही तशीच चालते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणजे मला जमलं म्हणायचं."

दादा सीटवरून उठले, पण बसमध्ये उठून जाणार कुठे? परत बसले.

दुसऱ्या दिवशी बेकरीत आले ते थेट मालकांकडे गेले आणि दिवसपाळी मागितली. मालक म्हणाले, "शहरातलं ऊन लागलं वाटतं." दादा हलले नाहीत. दोन महिने मालकांनी टोलवलं, मग एक जण सोडून गेला आणि दादांना बिस्किटांची भट्टी मिळाली, सकाळची. आता आमची पाळी बदलते त्या वेळी दारात गाठ पडते. मी घरी जायला निघालेला, ते आत येणारे. अर्ध्या बाह्यांत असतात. नवीन पोरं नाव वाचून चिडवतात. दादा सांगतात, "वेलांटी चुकलीय, माहीत आहे."

बाकी सगळं सुरळीत झालं असं नाही. इतक्या वर्षांची झोप उलटी फिरवणं सोपं नसतं. त्यांना अजून रात्रीची झोप लागत नाही, घरभर फेऱ्या घालत बसतात. परवा वहिनी पाव घ्यायला आल्या होत्या, डोळे तारवटलेले. मी विचारलं, "काय हो, रात्रपाळी का?"

"कसली रात्रपाळी," त्या म्हणाल्या. "पाय वाजतात त्यांचे."

आणि दोन पाव जास्तीचे बांधायला सांगून घाईघाईने निघून गेल्या.